घुमट

गोव्यातील पारंपरिक अवनद्ध वाद्य. याचे भांडे भाजलेल्या मातीचे, फुगीर पोटाचे व दोन्ही बाजूंनी उघडे असते. मोठ्या तोंडावर ओले कातडे ताणून दोरीने आवळतात. लहान तोंड मोकळेच राहते. वादक घुमट दोरीने गळ्यात अडकवतो किंवा मांडीवर घेतो. उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर बोल काढताना डावा पंजा लहान तोंडावर मिटतो-उघडतो. आतली हवा अशी कोंडली-सोडली गेली, की नाद खोल वा मोकळा होतो. घुमटाचे सारे सौंदर्य या डाव्या हातात आहे.

गणेश चतुर्थीच्या आरत्यांत घुमटासोबत काठ्यांनी वाजणारे शामेळ आणि कांसाळे (झांज) असते. सुवारीवादनात हाच मेळ एकेका तालाचा विस्तार करतो व लय वाढवीत नेतो. ख्रिस्ती समाजातील मांडो हा गीतप्रकार एकोणिसाव्या शतकात बहरला; त्यात व्हायोलिनच्या जोडीला घुमट संथ लय धरते. दोन्ही धर्मांच्या घरांत इतके सहज नांदणारे वाद्य विरळाच. आंध्र-तेलंगणातील बुर्रकथा या कथागायनातले गुम्मेटा हे त्याचे जवळचे नातलग होय.

पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये घोरपडीच्या शिकारीवर बंदी असल्याने आता बकरीचे कातडे वापरतात. जुने वादक नाद बदलल्याची तक्रार करतात. तरी घोरपड वाचवणारा हा बदल योग्यच आहे. गोवा शासनाने 2019 मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य घोषित केले.