तरंगंबाडीच्या शाळेचा सन्मानफलक



शाळांच्या वर्धापनदिनाचे दिवस आले की आपल्या मंडळ्यांमध्येही लगबग सुरू होते. मिशनच्या शाळेची इतकी वर्षे पूर्ण झाली म्हणून उपकारस्तुतीची उपासना होते, दहावी-बारावीत चांगले गुण मिळवलेल्या मुलामुलींचा सत्कार होतो, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. हे सारे चांगलेच आहे. जुन्या शाळांमध्ये मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लाकडी सन्मानफलक असतो, त्यावर वर्षे आणि नावे सोनेरी अक्षरांत रंगवलेली असतात. भारतातल्या पहिल्या लुथरन शाळेचा असा फलक आज लिहायला घेतला, तर त्यावर कोणाची नावे यावीत? आम्ही याचा शोध घेऊ लागलो, तेव्हा ही गोष्ट आपल्या मराठीच्या अंगणात येऊन पोचली.

तरंगंबाडी हे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे लहानसे बंदर. तंजावरच्या रघुनाथ नायकाने १६२० मध्ये ते डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना दिले. पुढे तंजावरात शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांचे राज्य आले. ९ जुलै १७०६ या दिवशी बार्थोलोमेउस झिगेनबाल्ग आणि हाइन्रिख प्ल्युट्शाउ हे दोन तरुण या बंदरात उतरले, तेव्हा तंजावरच्या गादीवर व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे होते. दोघे जर्मन, दोघांना पाठवले डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याने, आणि दोघांचे शिक्षण हाले या शहरी झालेले. हाले येथे आउगुस्ट हेर्मान फ्रांके यांनी १६९५ मध्ये गरीब मुलांसाठी शाळा काढली होती. त्याही मागे गेलो तर स्वतः मार्टिन लूथर दिसतात. शहरांनी मुलांसाठी शाळा काढाव्यात म्हणून त्यांनी १५२४ मध्ये नगरसभांना जाहीर पत्र लिहिले होते. पवित्र शास्त्र प्रत्येकाने स्वतः वाचायचे, तर प्रत्येकाला अक्षरओळख हवीच. म्हणून लुथरन मंडळी जिथे गेली तिथे वेदीच्या शेजारी फळाही उभा राहिला.

आता फलकावरचे पहिले नाव. आमच्या मते ते झिगेनबाल्ग यांचेच असावे, आणि तेही संस्थापक म्हणून नाही, तर विद्यार्थी म्हणून. तमिळ शिकण्यासाठी त्यांनी एका वृद्ध पंतोजीला आपली शाळा आपल्याच घरी भरवायला सांगितले, आणि लहान मुलांच्या रांगेत बसून ते वाळूवर बोटाने अक्षरे गिरवू लागले. तेविशी-चोविशीतला, हाले येथे शिकून आलेला माणूस पाच-सहा वर्षांच्या पोरांबरोबर मुळाक्षरे घोकतो आहे, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. ज्याला शिकवायचे होते तो आधी शिकायला बसला. पुढे याच माणसाने तमिळ नव्या कराराचे भाषांतर केले, आणि १७१४-१५ मध्ये ते तरंगंबाडीच्याच छापखान्यात छापले गेले. मधल्या काळात डॅनिश किल्लेदाराने त्यांना चार महिने कैदेतही टाकले होते. १७१९ मध्ये, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी ते प्रभूमध्ये निजले.

त्यांनी शाळा काढल्या त्या आल्याबरोबरच. मुलांबरोबर मुलींचीही शाळा १७०७ मध्ये सुरू झाली, आणि भारतातल्या मुलींच्या पहिल्या शाळांमध्ये ती गणली जाते. जोतिराव आणि सावित्रीबाईंची पुण्यातली शाळा १८४८ ची, म्हणजे हे त्याआधी १४१ वर्षांचे काम. त्या पहिल्या मुलींची नावे आपल्या फलकावर नाहीत. त्यांच्यासाठी एक ओळ कोरी सोडावी असे आम्हांला वाटते.

दुसरे नाव आरोन यांचे. कडलूरच्या मिशनच्या शाळेतून हा तरुण पुढे आला. १७१८ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, मग तो उपदेशक म्हणून गावोगाव फिरू लागला. डिसेंबर १७३३ मध्ये तरंगंबाडीला त्याला पाळकपदाची दीक्षा मिळाली. भारतातला हा पहिला देशी प्रॉटेस्टंट पाळक. आज आपल्या मंडळ्यांत आपल्याच भाषेचे, आपल्याच मातीतले पाळक उभे राहतात. त्या वाटेवरचे पहिले पाऊल एका शाळकरी मुलाने टाकले.

पुढच्या दोन नावांसाठी तंजावरला जावे लागेल. क्रिस्टियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ हे १७२६ मध्ये जन्मलेले. २०२६ हे त्यांच्या जन्माचे तीनशेवे वर्ष. १७५० मध्ये ते तरंगंबाडीला आले, दहाएक वर्षे तिथे राबले, मग तिरुचिरापल्लीला आणि शेवटी तंजावरला स्थायिक झाले. तमिळ आणि पोर्तुगीज तर त्यांना येतच होती. मराठा दरबाराशी बोलता यावे म्हणून त्यांनी मराठीही शिकून घेतली.

तंजावरचे तुळजाजीराजे १७८७ मध्ये मरणशय्येवर होते. पोटचे मूल उरले नव्हते, म्हणून त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजीला दत्तक घेतले आणि त्याला श्वार्ट्झ यांच्या हाती सोपवू पाहिले. श्वार्ट्झ यांनी एकट्याने पालक होण्यास नकार दिला, कारभार राजाचे भाऊ अमरसिंह यांच्याकडे असावा असे सुचवले. पण अमरसिंहांनी दत्तकविधानच अमान्य ठरवून स्वतः गादी घेतली. तो मुलगा जवळजवळ कोंडून ठेवल्यासारखा वाढू लागला, शिक्षण थांबले. श्वार्ट्झ यांनी मद्रासच्या सरकारकडे त्याच्यासाठी सतत दाद मागितली. अखेर १७९३ मध्ये सरफोजीला मद्रासला हलवण्यात आले आणि तिथे गेरिके या दुसऱ्या लुथरन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण सुरू राहिले. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारले. त्याच वर्षी सरफोजीराजे गादीवर बसले.

राज्य फार काळ हाती राहिले नाही. १७९९ च्या तहाने कंपनीने कारभार घेतला, राजांकडे किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग उरला. ज्या कंपनीने मुलाला सोडवले, तिनेच त्याचे राज्यही घेतले, हे आपण विसरू नये. पण शाळेत मिळालेली विद्या तहात लिहून देता येत नाही. सरफोजीराजांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, दवाखाना चालवला, आणि स्वतःच्या डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या. ओरत्तनाडच्या मुक्तांबाळ छत्रात मुलांना फुकट जेवण आणि शिक्षण मिळू लागले. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी छापखाना काढला, आणि १८०६ मध्ये त्यातून 'बालबोध मुक्तावली' हे इसापाच्या गोष्टींचे मराठी पुस्तक निघाले. त्याच सुमारास दूर बंगालमध्ये, श्रीरामपूर या दुसऱ्या डॅनिश वसाहतीत, विल्यम कॅरी मराठी व्याकरण छापत होते. मराठी छपाईच्या या दोन्ही उगमांपाशी मिशनऱ्यांचा हात लागलेला आहे.

सरफोजीराजे ख्रिस्ती झाले नाहीत. ते आपल्या कुळधर्मात राहिले, काशीयात्राही करून आले. गुरूने त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही आणि शिष्याने गुरूला अंतर दिले नाही. त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करवून घेतले. अंथरुणाला खिळलेले श्वार्ट्झ आणि त्यांचा हात धरून उभा असलेला राजा, असे ते शिल्प तंजावरच्या किल्ल्यातल्या मंदिरात आजही आहे. आपल्याकडे शिकलेला मुलगा आपल्या मंडळीत आला नाही म्हणून आपली मेहनत वाया गेली, असे कोणाला वाटत असेल, तर त्याने या शिल्पाकडे पाहावे.

चौथे नाव वेदनायगम शास्त्री यांचे. तिरुनेलवेलीकडचा हा मुलगा श्वार्ट्झ यांनी बारा-तेरा वर्षांचा असताना तंजावरला आणला, पुढे तो तरंगंबाडीला शिकला, शिक्षक झाला आणि तमिळ ख्रिस्ती कवी म्हणून नावाजला. त्याने 'बेथलेहेम कुरवंजी' लिहिली. कुरवंजी म्हणजे भविष्य सांगणाऱ्या डोंगरी बाईचे लोकनाट्य. त्यात त्याने ख्रिस्ताची गोष्ट तर गुंफलीच, शिवाय ग्रहांची गती आणि देशोदेशींचा भूगोलही आणला. सरफोजीराजांनीही मराठीत 'देवेंद्र कुरवंजी' लिहिली, आणि तिच्यात सांगितला आहे जगाचा भूगोलच! एक तमिळ ख्रिस्ती, एक मराठी हिंदू. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी वर्गात शिकलेले लोकांच्या गाण्यात उतरवले. आपल्या नारायण वामन टिळकांनी पुढे कीर्तन-अभंगाची वाट धरली, तिचेच हे थोरले भावंड म्हणायला हरकत नाही.

पण फलकावर डागही खरा लिहावा लागेल. तरंगंबाडी आणि तंजावरच्या मंडळ्यांत जातीप्रमाणे वेगळे बसण्याची रीत पिढ्यानपिढ्या चालू राहिली. नंतरच्या मिशनऱ्यांनी ती मोडायला घेतली तेव्हा याच वेदनायगम शास्त्रींनी विरोध केला आणि त्यांना नोकरी गमवावी लागली. ग्रहताऱ्यांचे नवे ज्ञान ज्याने गाण्यात बसवले, त्याला शेजारच्या बाकावरचा भाऊ जवळ बसवता आला नाही. शिक्षण डोके उजळवते. मन बदलायला प्रभूची कृपा लागते, आणि ती रोज मागावी लागते.

म्हणून सत्काराच्या यादीकडे पाहताना आम्हांला तीन गोष्टी मागाव्याशा वाटतात. एक, गुणवंतांबरोबर त्यांच्या शिक्षकांनाही व्यासपीठावर बोलवावे, कारण अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याची आज्ञा मोठ्यांना आहे. दोन, ज्या मुलीने घरकाम सांभाळून शाळा सोडली नाही, तिला गुण कमी असले तरी एक फूल द्यावे. तीन, सत्कारानंतरच्या जेवणाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसते, हे एकदा शांतपणे पाहावे.

हे प्रभू, जे आमच्यासाठी वाळूवर अक्षरे गिरवत बसले त्यांच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या शाळांना दीर्घायुष्य दे, शिक्षकांना धीर दे, मुलांना तुझे भय आणि शेजाऱ्याची माया दे. फलकावर ज्यांची नावे नाहीत त्यांची नावे तुझ्यापाशी आहेत, हा भरवसा आम्हांला पुरे आहे. आमेन.