हनोईचे बिनशेपटीचे उंदीर : सरकारी आकडा नेमकं काय मोजतो?

दिल्लीच्या नागांची गोष्ट तुम्ही ऐकली असेलच. इंग्रजांच्या काळात शहरात नाग फार झाले, म्हणून सरकारने मेलेल्या नागामागे बक्षीस लावलं. मग लोक बक्षिसासाठी घरातच नाग पाळू लागले. सरकारला हे कळलं, बक्षीस बंद झालं, लोकांनी पाळलेले नाग सोडून दिले आणि दिल्लीत आधीपेक्षा जास्त नाग झाले. अर्थशास्त्राच्या वर्गात, मॅनेजमेंटच्या व्याख्यानात, व्हॉट्सॲपवर ही गोष्ट सतत फिरत असते. जर्मन अर्थतज्ज्ञ होर्स्ट सीबर्ट यांनी २००१ मध्ये आपल्या पुस्तकाचं नावच ‘कोब्रा इफेक्ट’ ठेवलं आणि हा शब्द रूढ झाला.

आता जरा गाईडच्या नजरेने ही गोष्ट वाचा. हे कोणत्या साली घडलं? हुकूम कोणी काढला? बक्षीस किती आणे होतं? पैसे कोणत्या खात्यातून गेले? इथे गोष्ट सांगणारे गप्प होतात. ब्रिटिश हिंदुस्थानात साप मारल्याबद्दल बक्षिसं दिली जात होती, हे खरं आहे. पण म्हणून दिल्लीची ही गोष्ट आपोआप खरी ठरत नाही. प्रबंधात ती पुरावा म्हणून वापरायची असेल, तर हातात साधन हवं.

गंमत अशी, की जवळजवळ हीच गोष्ट कागदपत्रांसकट दुसऱ्या एका शहरात सापडते. ते शहर म्हणजे हनोई आणि साल १९०२.

तेव्हा व्हिएतनामवर फ्रेंचांची सत्ता होती आणि पॉल दूमेर हे इंडोचायनाचे गव्हर्नर जनरल होते. हनोईला राजधानी म्हणून सजवणं चालू होतं. रुंद रस्ते, बंगले, आणि गोऱ्यांच्या वस्तीखाली आधुनिक भुयारी गटारं. ही गटारं म्हणजे फ्रेंचांच्या दृष्टीने सुधारणेची खूणच. पण उंदरांना ती फारच मानवली. अंधार, ओल, भरपूर खाणं आणि शत्रू जवळपास नाहीत. थोड्याच दिवसांत हे उंदीर नळांमधून थेट बंगल्यांच्या संडासात निघू लागले.

नुसती किळस असती तर एक वेळ चाललं असतं, पण भीती होती प्लेगची. १८९४ मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला होता आणि १९०२ मध्ये ते हनोईतच नव्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख झाले होते. १८९६ पासून मुंबईत आणि पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगने काय हाहाकार केला, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. मुंबईत प्लेगवर काम करून गेलेल्या पॉल-लुई सिमोन यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं, की उंदरांकडून हा रोग पिसवा पसरवतात. त्यावर लगेच कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. पण उंदीर आणि प्लेग यांचं नातं मात्र प्रशासनाच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग १९०२ च्या एप्रिलमध्ये व्हिएतनामी मजुरांना उंदीर मारायला गटारांत उतरवलं गेलं. पहिल्याच आठवड्यात हजारो उंदीर मेले. पुढे दिवसाला हजारो आणि जूनमध्ये तर एका दिवसात वीस हजारांच्या वर आकडा गेला. तरी उंदीर काही हटेनात. शेवटी सरकारने मोहीम सर्वांना खुली केली. उंदीर मारा, शेपटी आणून जमा करा आणि दर शेपटीमागे एक सेंट घेऊन जा. मेलेल्या उंदरांचे ढीग कचेरीत कोण साठवणार? शेपटी मोजायला सोपी.

शेपट्या भराभर येऊ लागल्या आणि शहरात एक नवीनच प्राणी दिसू लागला : बिनशेपटीचा जिवंत उंदीर. शेपटी कापायची आणि उंदीर सोडून द्यायचा, म्हणजे तो पुन्हा पिल्लं घालणार, आणि पिल्लांना शेपट्या असणारच! शहराबाहेर उंदरांची पैदास करणाऱ्या जागाही अधिकाऱ्यांना सापडल्या. बक्षीस बंद करावं लागलं. पुढे १९०६ मध्ये प्लेगची साथ हनोईत पुन्हा आलीच.

हे सगळं आपल्याला कळलं ते अमेरिकन इतिहासकार मायकल व्हॅन यांच्यामुळे. फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हाँस इथे वसाहतींचं दप्तर ठेवलेलं आहे. तिथे त्यांना उपद्रवी प्राण्यांच्या नाशाबद्दलची एक फाईल मिळाली. आत काय, तर एकाच नमुन्याचे छापील फॉर्म : अमुक तारीख, अमुक भाग, इतके उंदीर मारले. नंतर २०१८ मध्ये त्यांनी याच विषयावर चित्ररूप इतिहासाचं पुस्तकही केलं.

समजा ही फाईल तुमच्या हातात पडली आहे. तुम्ही काय कराल? बहुतेक जण आकडे एक्सेलमध्ये भरतील, आलेख काढतील आणि लिहितील, ‘मोहिमेला वाढतं यश मिळालं.’ इथेच थांबायला हवं.

पहिली गोष्ट, दिवसाला वीस हजार उंदीर मेले, पण एकूण होते किती? तो आकडा फॉर्मवर नाही. मारलेल्यांची संख्या वाढणं म्हणजे उंदीर कमी होणं, असं म्हणता येत नाही. उंदीर वाढले तरी तोच आलेख येईल.

दुसरी गोष्ट, बक्षीस लागल्यावर मोजणीची वस्तूच बदलली. कचेरीत शेपट्या मोजल्या गेल्या. शेपटीवरून उंदीर मेला असं ठरवणं हा अनुमानाचा भाग होता, आणि ते अनुमान लोकांनी खोटं पाडलं. सरकारी रकान्याला जे नाव दिलेलं असतं, तेच त्यात मोजलेलं असतं असं धरून चालू नका. पैसे कशावर मिळत होते, ते आधी बघा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ही लबाडीची गोष्ट लिहून ठेवली कोणी? फ्रेंच अधिकाऱ्यांनी. त्यामुळे ती ‘बघा हे लोक किती चलाख’ अशा सुरात आपल्यापर्यंत येते आणि आपणही हसून मोकळे होतो. पण ज्यांच्या वस्तीला ती गटारं मिळालीच नाहीत, त्यांनाच दुसऱ्यांच्या गटारात उतरून उंदीर मारायला सांगितलं होतं. प्लेग झाल्यावर त्यांच्याच घरांच्या झडत्या व्हायच्या. त्यांच्या बाजूने पाहिलं तर एक सेंटचा हा हिशोब वेगळाच दिसतो. त्यांची बाजू त्या छापील फॉर्ममध्ये नाही, कारण फॉर्मवर तिच्यासाठी रकानाच नव्हता.

सिनॉप्सिस लिहिताना एखादी चमत्कारिक हकीकत सापडली की हात शिवशिवतात, ती पहिल्या पानावर टाकाविशी वाटते. जरूर टाका. पण त्याआधी कागदाला तीन प्रश्न विचारा : हे कोणी लिहिलं, कशाचे पैसे मिळत होते म्हणून मोजलं, आणि कोणाला बोलायला जागाच नव्हती? दिल्लीचे नाग पहिल्याच प्रश्नाला अडखळतात. हनोईचे उंदीर तिन्ही प्रश्नांना उत्तरं देतात आणि तिसऱ्या प्रश्नापाशी तुमच्या संशोधनाचा विषयही सापडू शकतो.