जपानी भोजनातील जुने आणि नवे

जपानी माणूस पावाला 'पान' म्हणतो. आपला पाव आणि त्यांचा पान हे सख्खे भाऊ; दोघांचेही मूळ पोर्तुगीज. सोळाव्या शतकात गोव्याहून निघालेली पोर्तुगीज जहाजे मकावमार्गे नागासाकीस जात. त्यांच्याबरोबर पिठात बुडवून तळण्याची रीतही तिकडे पोचली, आणि आज जपानी पाककलेचे भूषण मानला जाणारा 'तेंपुरा' हा तिचाच वंशज. १६३९ साली जपानने पोर्तुगीजांना हाकलले. तळण मात्र ठेवून घेतले.

खरी कसोटी लागली ती मेजी राजवटीत. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस वर्षातील काही महिने वर्ज्य ठरवले होते. पुढे बौद्ध आचाराच्या प्रभावाने चतुष्पादांचे मांस निषिद्धच समजले जाऊ लागले. (औषध म्हणून ते खाणारे होतेच, पळवाटा सगळ्या देशांत सारख्याच!) १८७२ च्या आरंभी सम्राट मेजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत डोंगरी उपासना करणारे काही तपस्वी राजवाड्यात घुसले. परक्यांच्या आहाराने देश बाटला, हे त्यांचे गाऱ्हाणे. रक्षकांच्या हातून त्यांतले काही मारले गेले. त्यांना वेडे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु पाश्चात्त्यांचे बळ हवे तर त्यांचे अन्न खावे, हा सरकारी हिशेब तरी कुठे फारसा शहाणपणाचा होता?

सामान्य लोकांनी दोघांचेही पुरते ऐकले नाही. त्यांनी मांस घेतले, पण ते 'मिसो' या आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात शिजवले आणि काड्यांनी खाल्ले. पावाचेही तेच. किमुरा यासुबेई या मूळच्या सामुराईने १८७४ मध्ये टोकिओत 'आनपान' काढला. त्यात यीस्टऐवजी तांदळाचे विरजण होते आणि आत लाल कडधान्याचे गोड पुरण. आपल्या पुरणपोळीशी नाते जोडण्याचा मोह होतो, तो आवरतो. १८७५ च्या एप्रिलमध्ये हा पाव सम्राटापुढे गेला तेव्हा त्याच्या मध्यभागी खारवलेले चेरीचे फूल होते. पाव परका, फूल घरचे.

करीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. ती जपानला मिळाली इंग्रजांकडून, पिठाने दाट केलेली. १८७२ मध्येच तिची कृती जपानी पुस्तकांत छापली गेली. म्हणजे हिंदुस्थानचा पदार्थ हिंदुस्थानच्या धन्याच्या हातून तिथे पोचला! पुढे १९१५ मध्ये रासबिहारी बोस इंग्रजांना चुकवून जपानला आले. शिंजुकूतील 'नाकामुराया' या पावाच्या दुकानाचे मालक सोमा दांपत्य यांनी त्यांना काही महिने लपवून ठेवले. १९१८ मध्ये त्यांची कन्या तोशिको बोस यांची पत्नी झाली. १९२५ मध्ये ती वारली. १९२७ साली दुकानाने उपाहारगृह उघडले, तेव्हा बोस यांनी तिथे हाडांसकट कोंबडीची, मसाल्याची करी सुरू करविली. इंग्रजांनी फिरवलेला पदार्थ त्यांना आपल्या नावाने परत हवा होता. बाँब हाताळलेल्या क्रांतिकारकाने हाती पळी घ्यावी, यात मला तरी काही विसंगत दिसत नाही.

ती करी तिथे आजही मिळते. जपानच्या घराघरांत मात्र शिजते ती पिठाने दाट केलेलीच, चिकट भातावर वाढलेली. आणि तिला तेथील मुले परकी समजत नाहीत.