तळटीप २३ : ‘लेसरवर रेक्झिन नको’

२३. येथे अभिप्रेत आहे ते नावाच्या पाट्या, सन्मानचिन्हे कोरणाऱ्या दुकानांतले कार्बन डायऑक्साइड लेसर यंत्र. या लेसरचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी लावला. ते जन्माने बारामतीचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर. नळीतून निघणारा १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाही. आरसे व भिंग त्याला एका बिंदूवर आणतात आणि तिथले लाकूड जळते, अ‍ॅक्रिलिकची वाफ होते. (यंत्रावर दिसणारा लाल ठिपका केवळ नेम धरण्यासाठी.) रेक्झिनवर बहुधा पीव्हीसीचा थर असतो; तो जळला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. हा वायू फुप्फुसांना घातक, शिवाय यंत्राचे लोखंडही गंजवणारा. वस्तादांनी पोराला भरलेला दम त्यासाठीच. यंत्र चालू असताना जागचे न हलण्याचा त्यांचा नियमही रास्त, कारण अ‍ॅक्रिलिक सहज पेट घेते. पुढच्या परिच्छेदातील झाकण उघडे ठेवून काम उरकण्याची युक्ती मात्र कोणी करू नये. उलटून आलेल्या किरणानेही डोळ्याचे पारपटल भाजू शकते.