पगार, चिठ्ठी आणि कूड : मुंबईच्या हॉटेलांना आणि आगबोटींना माणसे कशी मिळत

मंडळी, आजचा धागा जरा लांबेल. विषय वरकरणी साधा आहे. नोकरीच्या जाहिराती, मुलाखती, पदविका यांतले काहीही नव्हते, तेव्हा हॉटेलला आचारी कोठून मिळे आणि आचाऱ्याला हॉटेल कसे सापडे?

सुरुवात काळा घोड्यापासून करू. १८७१ साली तेथे वॉटसन्स एस्प्लनेड हॉटेल सुरू झाले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईस आणला होता. पुढे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे याच इमारतीत दाखवली गेली, म्हणून आपल्याला ती सिनेमाच्या इतिहासामुळे ठाऊक असते. आपल्या विषयासाठी मात्र तिची दुसरी एक गोष्ट महत्त्वाची आहे. वॉटसनने जेवणघरात वाढण्यासाठी इंग्रज मुली ठेवल्या होत्या, आणि आता वॉटसनने विलायतेतून हवाही आणावी, असा विनोद त्या काळी मुंबईत रूढ होता.

विनोद सोडला तर त्यामागची अडचण खरी होती. युरोपीय पद्धतीचे मेज कसे मांडावे, कोणत्या मद्याला कोणता पेला द्यावा आणि गोमांसापासून डुकराच्या मांसापर्यंत सारे न बिचकता कसे रांधावे, हे जाणणारी माणसे येथे हवी होती, तीही मोठ्या संख्येने. सांगाड्याप्रमाणे माणसेही जहाजाने आणणे फार महाग पडे. लवकरच या जागा गोव्याच्या ख्रिस्ती तरुणांनी भरून काढल्या.

येथे एक लोकप्रिय स्पष्टीकरण नेहमी पुढे केले जाते : आतिथ्य आणि स्वयंपाक गोवेकरांच्या रक्तातच आहे. मला हे मुळीच पटत नाही. रक्तात असते तर मुंबईत येण्याआधीच ते दिसले असते. आलेले बहुसंख्य तरुण शेतकरी, मिठागरावरचे मजूर किंवा कारागीर अशा घरांतले होते. त्यांना बटलर बनवले ते भरतीच्या व्यवस्थेने. ती व्यवस्था कशी चाले, हाच या धाग्याचा विषय.

प्रथम, ते निघाले का? गोव्यात गावच्या सामाईक जमिनीचा कारभार गावकारीकडे, म्हणजे पोर्तुगीज कागदपत्रांतल्या कोमुनिदादकडे असे आणि उत्पन्नातला वाटा गावकारांच्या घराण्यांना मिळे. ज्यांचा त्यात वाटा नव्हता त्यांना जमीन कसायला मिळे ती खंडाने. त्यातच १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज तह झाला. वर्षाला चार लाख रुपयांच्या मोबदल्यात मिठाच्या उत्पादनाचे नियंत्रण ब्रिटिश हिंदुस्थान सरकारकडे गेले. १८९२ मध्ये तह संपला खरा, पण तोवर मिठागरांवर जगणारी अनेक कुटुंबे मोडली होती. त्याच तहामुळे मार्मागोव्याची रेल्वेही आली. पोटाचा आधार काढून घेणाऱ्या तहानेच बाहेर पडण्याची वाटही बांधून दिली.

मुंबईला माणूस आला की जाई कोठे? कुडीत.

'कूड' या शब्दाशी आपण जरा थांबू. मराठीत कूड म्हटले की कुडाची भिंत डोळ्यांपुढे येते. कोकणीत कूड म्हणजे खोली. मुंबईतल्या या खोल्यांना इंग्रजीत क्लब म्हणत, पण हा क्लब म्हणजे जिमखान्यासारखे प्रतिष्ठेचे ठिकाण नव्हे. एका गावच्या पुरुषांनी मिळून भाड्याने घेतलेली ती जागा. धोबी तलाव, माझगाव या भागांत अशा कुडी दाटीने उभ्या राहिल्या. मेट्रो सिनेमाजवळच्या जेर महाल या एकाच इमारतीत कितीतरी गावांच्या कुडी आहेत.

आत खाटा नसत. भिंतीलगत पेट्या रचलेल्या असत, दर सभासदाची एक. माणूस बोटीवर गेला तरी पेटी कुडीतच राही. रात्री जमिनीवर पथाऱ्या पडत. एका टोकाला वेदी, तिच्यावर गावच्या संताची मूर्ती. संध्याकाळी सर्वांनी मिळून तेर्स म्हणायचा, हा नियम. वर्षातून एकदा गावच्या फेस्ताच्या धर्तीवर फेस्त. वर्गणी अगदी माफक, आणि काम नसलेल्याची थकबाकी खात्यावर मांडून ठेवली जाई. बोट मिळाली, फेरी झाली, पगार हाती आला की ती फेडायची.

(जाता जाता : 'पगार' हा शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला, पैसे देणे या अर्थाच्या क्रियापदावरून. 'आया'ही तिकडचीच. नोकरी आणि तिचे नाव, दोन्ही एकाच वाटेने आली.)

गिरणगावाचा इतिहास वाचलेल्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. रत्नागिरीकडच्या चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्याही अशाच होत्या : गावची माणसे, सामाईक भाडे आणि खाणावळीचे जेवण. फरक पुढच्या पायरीवर होता. गिरणीत भरती करणारा मुकादम असे. हॉटेलात आणि बोटीवर ती सूत्रे बटलरच्या हाती असत.

बोटींचे प्रकरण मोठे आहे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि मुंबई-विलायत वाहतूक झपाट्याने वाढली. पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या उतारू बोटी म्हणजे तरंगती हॉटेलेच. खलाशांची विभागणी कामानुसार होती आणि प्रत्येक कामाला ठराविक प्रदेशाची व जमातीची माणसे घ्यायची, असा कंपन्यांचा शिरस्ता पडला होता. डेकवर एक गट, इंजिनघरात दुसरा, आणि 'सलून' विभागात, म्हणजे मुदपाकखाना, पँट्री, जेवणघर व केबिन यांत, मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर बहुतांशी गोवेकर. डेकवरचा सारंग आपली टोळी स्वतः निवडी, तसाच सलूनमध्ये बटलर आपली माणसे निवडी. कंपनीचा संबंध बटलरशी, आणि बटलरचा आपल्या गावाशी.

आता कूड आणि बटलर एकत्र ठेवून पाहा. बोट बंदराला लागते. कोणाचा करार संपला, कोण आजारी पडला, पुढच्या फेरीला पँट्रीत किती जागा रिकाम्या आहेत, ही बातमी त्याच संध्याकाळी तेर्सनंतर कुडीत पोहोचते. बटलरला एक पोऱ्या हवा असतो. तो ज्याला घेईल त्याचा बाप, चुलता, गावचा पाद्री, सारे त्याच्या ओळखीचे. मुलाने चांदीचा चमचा लांबवला किंवा मद्य ढोसून गोंधळ घातला, तर बटलरची अब्रू कंपनीत जाईच, शिवाय गावातही जाई. हे तारण कोणत्याही कागदापेक्षा भक्कम होते. नवा मुलगा भांडी घासण्यापासून सुरुवात करी आणि सुऱ्या-काट्यांची मांडणी, रश्श्यांची नावे, साहेबाशी बोलण्यापुरती इंग्रजी हे सारे वरिष्ठांच्या हाताखाली शिके. 'रक्तातले' म्हणतात ते कौशल्य असे एका पिढीकडून दुसरीकडे जात होते.

कागदही होताच. नोकरी सोडताना साहेब जे शिफारसपत्र देई, त्याला इंग्रज 'चिट' म्हणत. तो आपल्या चिठ्ठीचाच अवतार. बटलर, आचारी, आया यांच्यासाठी ही चिठ्ठी जिवाइतकी मोलाची. अर्थात मागणी तेथे बाजार! दुसऱ्याच्या चिठ्ठ्या उसन्या घेणे, विकत घेणे, बनावट चिठ्ठ्या लिहवून घेणे असे प्रकार इतके चालत की इंग्रज मडमांसाठी लिहिलेल्या गृहव्यवस्थेच्या पुस्तकांत त्यांबद्दल सावधगिरीचे इशारे असत. खलाशांसाठी मात्र सरकारी नोंदींचे प्रमाणपत्र असे, बोलीत 'नली'. तिच्यात प्रत्येक फेरीची नोंद आणि वर्तनाचा शेरा. एक वाईट शेरा पडला की पुढची कित्येक वर्षे किनाऱ्यावर काढावी लागत.

या व्यवस्थेचे गोडवे गाणारे लेखन पुष्कळ आहे. मला मात्र तिची किंमत कोणी मोजली हे विचारावेसे वाटते.

जागांपेक्षा माणसे कितीतरी अधिक होती. मग बोट मिळवण्यासाठी दलालाला, सारंगाला, बटलरला पैसे मोजणे हा अलिखित नियम झाला. पैसे नसतील तर कर्ज. कर्ज फेडायला फेरी हवी आणि फेरी मिळवायला पुन्हा पैसे. आपुलकीने बोटीवर घेणारा गावचा माणूसच कधी कधी पगारातला वाटा कापून घेई. वेतनही ब्रिटिश खलाशाच्या वेतनाच्या एका लहानशा हिश्श्याएवढेच. कंपन्यांना मात्र स्वस्तात, विनासायास, आणि एकमेकांची हमी घेणारी माणसे मिळत होती. भरतीचा सारा खर्च नोकरी शोधणारा स्वतःच उचलत होता.

तक्रार जगभरची होती. १९२० साली जिनोआ येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने करार संमत केला, की खलाशांना काम मिळवून देणे हा नफ्याचा धंदा असू नये. त्यानंतर १९२२ मध्ये हिंदुस्थान सरकारने क्लो यांच्या अध्यक्षतेखाली खलाशी भरतीची चौकशी करणारी समिती नेमली. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगापुढे लाचखोरीचा हाच प्रश्न पुन्हा आला, १९३१ च्या अहवालात त्याची चर्चाही झाली. समित्या येत गेल्या, पण बटलरचे दार तेच राहिले.

आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पहिली, कूड सर्वांची नव्हती. ती एका गावची असे, आणि पुष्कळदा गावातल्या एकाच जातीची. धर्मांतरानंतरही गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चारडो, सुदीर हे भेद टिकून होते. ते मुंबईच्या जिन्यांवरही चढले. दुसरी, कूड पुरुषांची होती. आया म्हणून मुंबईत आलेल्या गोव्याच्या बायका या चित्रात जवळजवळ दिसतच नाहीत. त्यांची भरती ओळखीपाळखीने आणि घरोघरच्या चिठ्ठ्यांवर होई, आणि घरातल्या नोकरीची नोंद बोटीच्या नोकरीसारखी कोणी ठेवत नसे.

कुडीत राहणाऱ्या या आचारी-खलाशांचे शहर केवळ पोटापुरते नव्हते, हेही खरे. कोकणीतला पहिला तियात्र, 'इटालियन भुरगो', १७ एप्रिल १८९२ रोजी गोव्यात नव्हे, मुंबईत रंगला. तिकीट काढणारा प्रेक्षक मुख्यतः याच वर्गातला.

१६ डिसेंबर १९०३ रोजी ताजमहाल हॉटेल उघडले. तेथेही वरच्या जागा दीर्घकाळ युरोपीयांकडे आणि मुदपाकखान्यात गोवेकर, अशीच वाटणी राहिली. म्हणूनच मिगेल आर्कांजो मास्कारेन्यस यांचे नाव ठळक होते. ताजच्या स्वयंपाकघराचे प्रमुखपद मिळवणारे हे गोवेकर 'मास्की' या नावाने ओळखले जात. ते पदविका घेऊन तेथे पोहोचले नव्हते. तसे शिक्षण देणारी संस्थाच तेव्हा देशात नव्हती.

ती आली १९५४ मध्ये. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने मुंबईत हॉटेल व्यवस्थापनाची संस्था काढली. देशातली ही पहिलीच. आणि त्याच १९५४ मध्ये मुंबईत खलाशांसाठी सरकारी रोजगार कार्यालय उघडले : नाव नोंदवायचे आणि पाळी आली की बोट घ्यायची. एकाच शहरात, एकाच वर्षी, बटलरच्या हातातली दोन कामे दोन संस्थांकडे सोपवली गेली. शिकवण्याचे काम एकीकडे, निवडण्याचे दुसरीकडे. कोणी ठरवून हे केले असे मी म्हणणार नाही, पण योगायोग बोलका आहे.

अर्थात जुनी पद्धत एका दिवसात संपली नाही. सर्वसाधारण यादीबरोबर कंपन्यांच्या स्वतंत्र याद्याही कायम राहिल्या आणि आपली नेहमीची माणसे पुन्हा घेण्याची मुभा त्यातून मिळत राहिली. गोवेकरांचा पेच तर आणखी वेगळा. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगालच्या ताब्यात, म्हणजे मुंबईत राहून ब्रिटिश बोटीवर राबणारा हा माणूस पोर्तुगालचा प्रजाजन. १९५५ मध्ये भारत-गोवा रेल्वे बंद पडली, तेव्हा पेटी कुडीत आणि घर सीमेपलीकडे, अशी त्याची अवस्था झाली.

पुढे विमानांनी उतारू बोटी संपवल्या, आखाताने नवी दारे उघडली, मग क्रूझ जहाजे आली. तेथे आजही गोव्याची माणसे मोठ्या संख्येने आहेत. नलीचे औपचारिक नाव इंग्रजीत तेच राहिले, आद्याक्षरांनी ते 'सीडीसी' झाले. २००५ च्या नियमांनी भरती करणाऱ्या संस्थांना परवाना सक्तीचा केला, आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे निषिद्ध आहे. तरीही बोटीवर लावतो म्हणून लाखो रुपये उकळणाऱ्या दलालांच्या बातम्या अधूनमधून येतच असतात.

धोबी तलावच्या काही कुडी अजून चालू आहेत. पुनर्विकासाची टांगती तलवार त्यांच्यावर आहे, सभासदही रोडावले आहेत. पण मुलाखतीसाठी, वैद्यकीय तपासणीसाठी किंवा कागदपत्रांसाठी मुंबईला आलेला गावचा तरुण आजही तेथे नाममात्र पैशांत चार रात्री काढतो. पेटीच्या जागी आता बॅग असते, आणि संध्याकाळी तेर्स म्हटला जातो.