सैन्याच्या रसदीला एआयची जोड: इंधन किती वाचतं, प्रदूषण किती घटतं?

युद्ध म्हटलं की रणगाडे आणि लढाऊ विमानं डोळ्यांसमोर येतात. पण सैन्याचं बरंचसं इंधन जळतं ते रसद पोहोचवण्यात, म्हणजे सैनिक, अन्न, दारूगोळा, सुटे भाग आणि खुद्द इंधनच इकडून तिकडे नेण्यात. हा खर्च कमी करण्यासाठी आता आर्टिफिशियल इंटेलिजन्स, म्हणजेच एआयची मदत घेतली जाते आहे.

सुरुवात एका फळ्यापासून

कतारमधल्या अल उदेद तळावरून अमेरिकी हवाई दल पश्चिम आशियातल्या मोहिमा चालवतं. कोणत्या विमानाला हवेतच कुठे आणि कधी इंधन द्यायचं, याचं नियोजन २०१६ पर्यंत तिथे चक्क फळ्यावर, हाताने व्हायचं. एका मोहिमेची वेळ बदलली, की सगळी मांडणी नव्याने करावी लागायची.

त्यानंतर 'जिगसॉ' हे सॉफ्टवेअर आलं. नियोजन नेमकं झाल्यामुळे इंधनवाहू विमानांची उड्डाणं कमी झाली आणि आठवड्याला ४ ते ५ लाख पाउंड, म्हणजे अंदाजे १.८ ते २.३ लाख किलो इंधन वाचू लागलं, असं तेव्हा सांगितलं गेलं. सुरुवातीचं जिगसॉ एआय नव्हतं. स्वतःहून योजना सुचवणारा अल्गोरिदम त्यात नंतर जोडला गेला.

एआय नेमकं काय करतं?

- मार्ग आणि फेऱ्या: हवामान, वजन आणि अंतर यांचा मेळ घालून कमी फेऱ्यांत काम भागवणं.
- बिघाडाचा अंदाज: अमेरिकी हवाई दलाची 'पांडा' ही प्रणाली विमानाचा कोणता भाग कधी निकामी होऊ शकतो, हे आधी सांगते. त्यामुळे ऐनवेळी सुटा भाग मागवण्यासाठी होणारी धावपळ टळते.
- मागणीचा अंदाज: कुठे किती साठा लागेल हे आधी कळलं, की जादा माल वाहून न्यावा लागत नाही.

प्रश्न जिवाचाही

अमेरिकी लष्कराच्या २००९ च्या एका अभ्यासानुसार, अफगाणिस्तानात इंधन नेणाऱ्या दर २४ ताफ्यांमागे सरासरी एक माणूस ठार किंवा जखमी होत होता. फेरी वाचली, तर धूर वाचतो आणि जीवही.

मग पर्यावरण वाचलं का?

एक किलो विमान इंधन जळलं की ३ किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्या हिशेबाने 'जिगसॉ'ची बचत वर्षाला साधारण ३० ते ३७ हजार टन होते. ब्राउन विद्यापीठाच्या 'कॉस्ट्स ऑफ वॉर' प्रकल्पानुसार, अमेरिकी संरक्षण खात्याचं २०१७ मधलं उत्सर्जन सुमारे ५.९ कोटी टन होतं. म्हणजे ही बचत त्याच्या ०.१ टक्क्याहूनही कमी.

शिवाय वाचलेलं इंधन जादा उड्डाणांसाठी वापरलं, तर प्रदूषण तेवढंच राहतं. एआय चालवणाऱ्या डेटा सेंटर्सनाही वीज लागतेच.

सगळ्यात मोठी अडचण हिशेबाची आहे. २०१५ च्या पॅरिस करारानुसार लष्करी उत्सर्जन वेगळं जाहीर करणं देशांवर बंधनकारक नाही. एआय रसदीतली उधळपट्टी कमी करू शकतं. पण एकूण उत्सर्जनाचे आकडेच समोर आले नाहीत, तर 'हरित सैन्य' हा दावा तपासायचा कसा?