प्लेट हीट एक्स्चेंजर : कार्यपद्धती आणि देखभाल

जबल अलीचे बंदर १९७९ मध्ये सुरू झाले आणि १९८५ मध्ये त्याच्या शेजारी मुक्त क्षेत्राची स्थापना झाली. वीज व गोड पाणी निर्माण करणारी केंद्रे, ॲल्युमिनियमचा कारखाना, अन्नप्रक्रिया उद्योग, गोदामे आणि निवासी वसाहती आज या एकाच किनारपट्टीवर नांदतात. नको असलेली उष्णता दूर नेणे ही या सर्वांची समान गरज आहे. ती भागविणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे प्लेट हीट एक्स्चेंजर. रहिवाशांच्या दृष्टीस ते सहसा पडत नाही; मात्र त्याची हेळसांड झाल्यास घरातील गारवा आणि शीतकरणाचे बिल या दोहोंवर परिणाम होतो.

रचना व कार्य

दोन जाड पोलादी चौकटींच्या मध्ये पातळ धातूचे पत्रे एकामागे एक उभे केलेले असतात. पत्र्याची जाडी साधारणतः अर्धा मिलिमीटर असते. त्यावर माशाच्या काट्यासारखी नक्षी दाबून उठवलेली असते आणि कडेने रबरी गॅस्केट बसविलेले असते. गॅस्केटच्या मांडणीमुळे एका फटीतून गरम, तर लगतच्या फटीतून थंड द्रव वाहतो. दोघांच्या दिशा परस्परविरुद्ध असतात. द्रव एकमेकांत मिसळत नाहीत; उष्णता तेवढी पत्र्यातून पलीकडे जाते. नक्षीमुळे प्रवाहात खळबळ निर्माण होऊन उष्णतेचे वहन वाढते, तसेच पातळ पत्र्यांना परस्परांचा आधारही मिळतो.

डॉ. रिचर्ड सेलिगमन यांनी १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये हे साधन व्यापारी स्वरूपात आणले, ते दुधाच्या पाश्चरीकरणासाठी. दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापविण्याची पद्धत महाराष्ट्रातील दूध संघांतही रूढ आहे. तेथे बाहेर पडणारे गरम दूध आत येणाऱ्या थंड दुधाला तापविते आणि इंधन वाचते. या क्षेत्रातील अल्फा लावाल कंपनीचा कारखाना पुण्यात दापोडीला आहे. मराठी तंत्रज्ञांना हे यंत्र परके नाही.

आखातातील उपयोग

जिल्हा शीतकरण पद्धतीत मध्यवर्ती प्रकल्पातून साधारणतः ५ ते ६ अंशांचे पाणी इमारतीपर्यंत येते. तळघरातील एक्स्चेंजरमध्ये ते इमारतीच्या स्वतंत्र जलवर्तुळाला गारवा देऊन १३-१४ अंशांवर परतते. उंच मनोऱ्यांत हे यंत्र दाबाची विभागणीही करते. दर दहा मीटर उंचीला सुमारे एक बार दाब वाढत असल्याने मधल्या मजल्यांवर एक्स्चेंजर बसवून खालच्या नळांवरील ताण मर्यादित ठेवतात.

समुद्राचे पाणी वापरावयाचे असल्यास प्रश्न अधिक बिकट होतो. आखाताचे पाणी महासागरापेक्षा खारट आहे आणि उन्हाळ्यात ते ३० अंशांच्या वर जाते. क्लोराइडमुळे सामान्य स्टेनलेस स्टीलला सूक्ष्म छिद्रे पडतात. म्हणून येथे टायटॅनियमचे पत्रे वापरतात. शिंपले व शेवाळ आत जाऊ नये यासाठी गाळण्या आणि क्लोरिनचा मर्यादित वापर आवश्यक ठरतो.

बिघाडाची लक्षणे

गॅस्केटमधून बाहेर होणारी गळती दिसते. पत्र्यांवर साचणारा थर दिसत नाही. त्यासाठी चारही नळांवरील तापमान आणि दोन्ही बाजूंच्या दाबातील घट यांची नियमित नोंद हवी. दाबातील घट वाढली की मार्ग तुंबत असल्याचे समजावे. तापमानांतील अंतर कमी झाले तर तेवढाच गारवा मिळविण्यासाठी अधिक पाणी खेळवावे लागते. काही पुरवठा करारांत अपुऱ्या तापमानफरकासाठी अधिभाराची तरतूद असते. म्हणून रहिवासी संघटनांनी देखभाल कंत्राटदाराकडून ही नोंदवही मागणे हिताचे आहे.

देखभाल

प्रथम गाळण्या साफ कराव्यात. चुन्याचा थर असल्यास यंत्र न उघडता सौम्य आम्लाचे द्रावण खेळवता येते. मात्र स्टेनलेस स्टीलला हायड्रोक्लोरिक आम्ल वर्ज्य आहे.

उघडावे लागल्यास दाब पूर्ण उतरवून, यंत्र निवू देऊन, पाणी काढून टाकावे. पत्र्यांच्या गठ्ठ्यावर कडेने तिरकी रंगरेषा ओढावी; पत्र्याचा क्रम चुकल्यास रेषा तुटलेली दिसते. दोन चौकटींमधील अंतर मोजून लिहून ठेवावे. पत्रे मऊ ब्रशने धुवावेत. तारेचा ब्रश वापरू नये. बारीक तडा शोधण्यासाठी रंगद्रव्याची चाचणी करतात.

जोडणी करताना बोल्ट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे आवळावेत. किती आवळायचे, हे हाताच्या जोरावर न ठरवता निर्मात्याने पाटीवर दिलेल्या मापावरून ठरवावे. गळती थांबावी म्हणून त्या मापाच्या खाली आवळल्यास पत्रे चेपतात आणि शंभर रुपयांच्या दुरुस्तीचे हजार होतात. अखेरीस एक बाजू रिकामी ठेवून दुसरीत दाब द्यावा; रिकाम्या बाजूने पाणी आल्यास आतली गळती उघड होते. झडपा सावकाश उघडाव्यात, अन्यथा पाण्याच्या आघाताने नवे गॅस्केटही सरकते.

ही कामे नोव्हेंबर ते मार्च या काळात उरकणे श्रेयस्कर. तेव्हा शीतकरणाचा भार कमी असतो आणि एक यंत्र बंद ठेवणे परवडते. जूनमध्ये तोच निर्णय संपूर्ण इमारतीला भोगावा लागतो.